कादर, तू पाणी पिऊन गेलास

कादर, त्या दुपारी तू पाणी मागितलंस. हमीदाभाभीनं तुझं डोकं मांडीवर घेतलं, तांब्या ओठाला लावला, आणि अंगात एवढा ताप असूनही तू घटाघटा प्यायलास. दाढीवर ओघळलेलं पाणी मनगटानं पुसलंस. "थंड हाय," म्हणालास. मग डोळे मिटलेस, आणि असरच्या नमाजाआधी गेलास.

घरात रडारड सुरू झाली. मी दाराशी टेकून बसलो होतो. डोळे माझेही वाहत होते, पण छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटत होतं. तू साध्या तापानं गेलास. आपल्या खाटेवर, बायकोच्या मांडीवर, पाणी पिऊन गेलास.

लोकांना हे कळायचं नाही. अमरावतीचा नारायण कासार दोस्ताच्या मयतीला सुटल्यासारखा चेहरा घेऊन उभा होता, असं कुणी म्हणालंही असेल. म्हणू दे. तुला तर ठाऊक आहे ना, मी कशातून सुटलो ते. आणि तू कशातून सुटलास तेही.

ती हवेची बंदूक आपल्या हाती आली तेव्हा कापसाला सोन्याचा भाव होता. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस विलायतेला पोचेना, म्हणून आपल्या वऱ्हाडच्या काळ्या मातीवर साऱ्या जगाची नजर लागली होती. दर्यापूरला गुलाबचंद शेठच्या आवारात घराएवढे ढीग पडायचे. पन्नासेक बाया रेचे फिरवत सरकी काढायच्या, आणि हवेत इतका कापूस उडायचा की संध्याकाळी सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. त्या आवारात चिलीम ओढायलाही बंदी होती. एक ठिणगी पडली असती तर काही उरलं नसतं.

कापूस घ्यायला आलेला एक साहेब मुंबईला परतताना आपली बंदूक शेठला देऊन गेला. तिला दारू लागत नव्हती. दस्ता लोखंडाचा, आतून पोकळ, त्यात दट्ट्यानं हवा ठासून भरायची. दस्त्याच्या तोंडाशी झडप. घोडा पडला की झडप पापणी लवावी तशी उघडते, हवा नळीत घुसते आणि गोळी सुटते. धूर नाही, जाळ नाही. शेठ मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणारा माणूस. त्याला ती हवी होती मडकी फोडायला. बाहेरगावचे व्यापारी आले की त्यांना ओट्यावर बसवायचं, बांधावर मडकं ठेवायचं आणि ठिणगीवाचून फोडून दाखवायचं. पण सकाळी भरलेली हवा दुपारपर्यंत निघून जायची. पाहुण्यांसमोर नुसतं फुस्स व्हायचं.

म्हणून शेठनं आपल्याला बोलावलं. तू शिकलगार, पोलादातला. मी कासार, पितळेतला. बैलगाडीत दर्यापूर येईपर्यंत आपण भांडलो, आणि बंदूक अजून दोघांनीही पाहिली नव्हती.

तू दस्ता हातात घेतलास, कानाला लावलास आणि म्हणालास, "पाण्यात टाकू."

"लोखंड हाय ते. गंजन."

"घडीभरानं काय गंजते? पुसून तेल लावू. पण कुठून गळते ते पाण्याबगर कोण सांगन तुले?"

गुरांच्या डोणीत आपण तो बुडवला. दोन ठिकाणांहून बुडबुडे आले. दस्ता नळीला पिळून बसतो त्या आट्यांपाशी मोठाले, आणि झडपेतून बारीक, मण्यांच्या माळेसारखे. आट्यांचं सोपं होतं. मी कातड्याची चकती कापून बसवली, ते बंद झाले. माळ मात्र सुरूच राहिली. मी म्हणालो, झडपेला मागून रेटणारी कमान ढिली पडली, नेटानं मिटवत नाही.

"कमानीचं काम झडप जागेवर आणून ठेवाचं," तू म्हणालास. "एकदा मिटली का आतली हवाच तिले दाबून धरते. जेवढी हवा जास्त, तेवढी घट्ट. झडप जिच्यावर टेकते, ती बैठक पाह्य तू."

सगळी हवा सोडून आपण झडप उघडली. तिच्या तोंडावरचं कातडं वऱ्हाडच्या उन्हानं वाळून पापडासारखं झालं होतं, आणि बैठकीवर आडवा पडला होता कापसाचा एक तंतू. एकच. दट्ट्या हवा ओढताना आवारातला उडता कापूसही ओढून घेत होता. आपण एकमेकांकडे बघून इतके हसलो की शेठ ओट्यावरून उतरून आला. त्याला तो तंतू दाखवला तर म्हणाला, "मेरा ही माल मेरेको नडला!"

दट्ट्याच्या तोंडावर मी मलमलीचं फडकं बांधलं. तू कुरुंदाची पूड तेलात कालवून बैठक घासत बसलास. झडप फिरवायची, पुसायची, उजेडाकडे धरायची, परत फिरवायची. मला वाटलं झालं, तुला वाटलं नाही. तुझं नेहमीचंच. जेवायला हाक मारली तरी उठला नाहीस. शेवटी चरबीत मुरवलेलं नवं कातडं चढवून दस्ता परत डोणीत बुडवला, आणि पाणी आरशासारखं थांबून राहिलं. तुझ्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी तुझ्या पोरीच्या लग्नातच पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नवीनच खेंगट. गळती थांबली, पण गोळीत जोर नाही. शेठच्या हमालांनी अंगाचा जोर लावून आणखी हवा भरली, तर गोळी आणखी मंद. सगळे चक्रावले. तू फळ्या एकावर एक उभ्या केल्यास, आणि थोडी हवा, अजून थोडी, अशी भरत गोळ्या झाडत गेलास. आधी गोळी फळीत खोल खोल गेली. मग एका जागेपासून उलट व्हायला लागलं: हवा वाढते, गोळी कमजोर होते.

"समजलं," तू म्हणालास. "लय हवा भरली का ती दार आतून दाबून बसते. घोडा बाहेरून ठोकते, पण दार उघडतच नाही. उघडलंच तर फट पडते."

"मंग घोड्याची कमान जबर कर."

"अन् उद्या दस्ता फुटला तं? हे लोखंड कोणी ठोकलं, कवा ठोकलं, मले काय मालूम? हवा कमी भरा. दट्ट्या हाताले जड लागला का थांबा. बस."

तुझं पटलं मला, पण मला हमालांचा भरवसा नव्हता. म्हणून मी म्हटलं, दस्त्याच्या मानेला एक पितळी पेच बसवतो. हवा जास्त झाली तर अर्धा वळसा ढिला करायचा, जादाची निघून जाईल. किती भडकलास तू! एवढी मेहनत करून गळती थांबवली आणि हा कासार पुन्हा भोक पाडायला निघाला! परतीच्या वाटेवर तू माझ्याशी बोलला नाहीस. तरी पुढल्या खेपेला मी पेच बसवलाच, आणि तू तो तपासून, तोंड वाकडं करून, पुन्हा कुरुंदानं घासून दिलास.

संक्रांत होऊन गेली होती. शेठकडे मोठे व्यापारी यायचे होते, म्हणून बंदूक नीट पाहून द्यायला आपण दर्यापूरला गेलो. सकाळची वेळ. आपण पोचायच्या आधीच शेठनं हौसेनं दोन हमाल लावून दस्ता गच्च भरून घेतला होता, हे आपल्याला ठाऊक नव्हतं.

बाहेर गाडीवान ओरडले, "पिसायला! पिसायला लांडगा!" त्या आठवड्यात शेजारच्या गावात त्या पिसाळलेल्या लांडग्यानं एका गुराख्याला चावलं होतं, त्यामुळे कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. तो फाटकातून आत आला. मान खाली, तोंडाला फेस, पाय लटपटत. समोर आलेल्या बैलाच्या नाकपुडीचा त्यानं लचका घेतला. बाया रेचे टाकून कापसाच्या ढिगांवर चढल्या. म्हातारी गुंफाबाई तेवढी चढू शकली नाही. कापसात गुडघ्यापर्यंत पाय रुतून ती तिथंच अडकली, आणि लांडगा तिच्याकडे वळला.

लाठी घेऊन जवळ जायची कुणाची छाती नव्हती. दारूची बंदूक गावात होती एकदोघांकडे, पण त्या ढिगांमध्ये ती कोण उडवणार? तू ओट्यावरची हवेची बंदूक उचललीस. गोळी नळीत होतीच. नेम धरलास, घोडा पडला, ठक्. गोळी नळीतून निघाली आणि चार हातांवर धुळीत पडली.

"शेठ, कितीक भरली?" तू ओरडलास. शेठ डोळे गच्च मिटून नवकार मंत्र पुटपुटत होता.

मग तू माझ्याकडे बघितलंस. माझा पेच चिमटीत धरलास आणि ढिला केलास.

हवा सुटली ती साप फुत्कारावा तशी. तो आवाज ऐकून लांडगा थांबला. गुंफाबाईपासून हातभर अंतरावर त्यानं मान वळवली आणि तो तुझ्याकडे निघाला. तू हललाही नाहीस. कान त्या आवाजाकडे, डोळे लांडग्याकडे. आवाज बारीक झाला तसा पेच आवळलास, गोळी टाकून गज मारलास, घोडा चढवलास. तो धावत सुटला होता. मी ओरडलो, "मार ना, कादर!" तू अजून थांबलास. अगदी अंगावर आला तेव्हा घोडा सोडलास. टाळी वाजल्यासारखा आवाज झाला आणि गोळी त्याच्या छातीतून आरपार गेली. पण वेग होता ना अंगात. मरता मरता तो तुझ्यावर येऊन पडला, आणि त्याचा दात तुझ्या डाव्या हाताला कोपराखाली ओरखडा काढून गेला.

बाया खाली उतरून गुंफाबाईला ओढून काढत होत्या. तू आपल्या हाताकडे बघत होतास. रक्ताचे दोनच थेंब.

"डाग दे," तू म्हणालास.

"इथं आग कुठी?"

"बाहेर चाल मंग."

फाटकाबाहेर गाडीवानांची चूल पेटलेली होती. आधी विहिरीवर तुझा हात खळखळून धुतला. मग बंदुकीचाच गज लाल करून मी तो तुझ्या हातावर टेकवला. तू बाभळीच्या खोडाला धरून उभा होतास. गज टेकवायला मी उशीर केला, म्हणून तू मला शिव्या दिल्यास. त्या शिव्यांनी मला धीर आला.

परतताना गाडीत तू एकच गोष्ट मागितलीस. "हमीदाले सांगजो नोको."

अमरावतीला हकिमांना हात दाखवला. ते म्हणाले, डाग वेळेवर बसला आहे, पण पाडव्यापर्यंत भरवसा नाही. पाण्याची भीती वाटायला लागली तर समजायचं, लांडग्याचं विष अंगात भिनलं. तू घरी सांगितलंस की भट्टीचा चटका बसला आहे, शेठच्या रेच्यांचं काम अंगावर आलं आहे, आता काही दिवस नारायणच्या दुकानातच राहीन. पथारी घेऊन तू माझ्याकडे आलास.

"नारायणा, मी पाण्याले भ्यालो तं बाहेरून कडी लावजो. पोरीले जवळ येऊ देऊ नोको. कसम खा."

मी खाल्ली. रोज सकाळी ओट्यावर बसून तू माझ्यासमोर तांब्याभर पाणी प्यायचास. मी तुझ्या गळ्याकडे बघायचो. घोट खाली उतरला की तू म्हणायचास, "पाह्यलं? आता कामाले लाग." कधी मुद्दाम ठसका लागल्यासारखं करायचास, मी उडी मारून उठायचो, आणि तू हसायचास. मी एकदा रागानं तांब्याच भिरकावला तुझ्यावर. त्याला अजून पोचा आहे.

जेवण घेऊन तुझी पोरगी सकीना यायची. तू तिला पायरीवरूनच परत पाठवायचास. हमीदाभाभी एकदाही आली नाही. तेव्हा मला वाटलं, परक्याच्या दुकानात कशी येईल.

होळी गेली. पाडव्याच्या सकाळी तू पाणी प्यायलास, मग हौदात मान बुडवून बराच वेळ तसाच राहिलास, आणि बाहेर काढून फुर्र केलंस. "झालं," म्हणालास. "घरी जातो." पथारी गुंडाळलीस आणि गेलास. मी दुकानाला कुलूप लावून अंबादेवीला जाऊन आलो.

पण हकिमांनी मला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली होती. हे विष कधी कधी साल-दोन सालांनीही डोकं वर काढतं. ते मी तुला सांगितलं नाही. तुला ठाऊक होतं का रे? बहुतेक होतं. त्यानंतर तू माझ्या घरी आलास की पहिल्यांदा पाणीच मागायचास, तहान असो-नसो. आपण त्यावर कधी बोललो नाही. आपण पेचावर बोलायचो. मी म्हणायचो, माझ्या पेचानं गुंफाबाई वाचली. तू म्हणायचास, हवा कमी भरा हे मी आधीच सांगितलं होतं, ऐकलं असतं तर पेच लागलाच नसता. लढाई संपली, कापूस कोसळला, बडनेऱ्याला आगगाडी येऊ लागली, सकीनाचं अकोल्याला लग्न झालं, आणि आपलं भांडण तिथंच होतं. तुझं म्हणणं बरोबर होतं, कादर. माझंही होतं.

म्हणून गेल्या आठवड्यात तुला ताप भरला तेव्हा माझं काळीज बसलं. मी पहिल्यांदा विचारलं ते हेच, पाणी घेतो का? भाभी म्हणाली, घागर रिकामी करून राहिले. मी अंगणात जाऊन रडलो. पुढे ताप उतरणार नाही असं हकीम म्हणाले तेव्हाही मी तेवढा रडलो नाही.

आता काल काय झालं ते तुला सांगायचं आहे. त्यासाठीच बसलो.

काल तुझ्या तिसऱ्याची फातिहा होती. दुपारी दारात बैलगाडी थांबली. दर्यापूरहून आठ-दहा बाया उतरल्या. पुढे गुंफाबाई, काठी टेकत. शेठच्या माणसाकडून त्यांना कळलं होतं. नवरा गेल्यावरच्या रिवाजाप्रमाणे हमीदाभाभी आतल्या खोलीत पडद्याआड होती. गुंफाबाई थेट आत गेली आणि तिचे हात धरून बसली. मी अंगणात होतो, बोलणं ऐकू येत होतं.

"तुमी कोन, माय?" भाभीनं विचारलं.

"तुह्या मालकानं मले लांडग्याच्या तोंडातून काढलं ना, बाई. मावाला जीव वाचला अन् दात त्याले लागला. मी रोज देवापुढे हात जोडत होती, का त्या मानसाले काही होऊ नोको."

लांडगा मारल्याचं भाभीला ठाऊक होतं, ते गावभर झालं होतं. दात लागल्याचं नव्हतं. थोड्या वेळानं ती पडद्यापर्यंत आली.

"नारायणभाऊ, हे कवाचं?"

आता ते गुपित कुणासाठी राखायचं? मी सांगितलं. "संक्रांतीनंतरचं, भाभी. हातावरचा तो डाग भट्टीचा नव्हता."

"जवा ते तुमच्या दुकानात राहत होते?"

"हो. पानी पिताना भेतो का, ते पाहाले थांबला होता. तुमाले अन् सकीनाले काही होऊ नये म्हनून."

ती पडद्यामागे खाली बसली असावी, कारण आवाज खालून आला. "मले वाटलं, मी त्या साली सकीनाच्या लग्नावरून लय बोलली, त्याचा राग धरला. घर सोडून गेले. आले परत, पन मले वाटे मन नाही आलं. मी कधी इचारलंच नाही, भाऊ. इचारून काय ऐकाले भेटन, याचं भेव वाटे."

कादर, म्हणून ती दुकानाकडे फिरकली नव्हती. आपण दोघं तांब्याकडे बघत बसलो आणि हे आपल्याला सुचलंच नाही.

ती रडत होती, आणि मध्येच हसल्यासारखा आवाज आला. "काय येडा मानूस! मले सांगितलं असतं तं मी काय त्याले सोडून पयाली असती?"

"नसत्या पयाल्या, भाभी," मी म्हणालो. "म्हनूनच नाही सांगितलं त्यानं."

मग भाभी उठल्याची चाहूल लागली. तू गेल्यापासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता. सकीना समजावून थकली होती. आता आतून तिचा आवाज आला, नेहमीचा, दटावणीचा. दूरवरून आलेल्या बायांना उपाशी बसवलं म्हणून ती पोरीला रागावत होती. ताटं वाढली गेली. ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी, शेजाऱ्यांनी आणून दिलेली. गुंफाबाई म्हणाली, "तू बस माह्यासंग, तवाच जेवतो मी."

मी पडद्याकडे पाठ करून बसलो होतो, दिसत काही नव्हतं. मग सकीना बाहेर आली, माझ्यापुढे ताट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "चाचा, अम्मी जेवून राहिली."